फुकट मालाची जोखीम



खामगावच्या कापूस बाजाराविषयी बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्यांना मी काही नवे सांगावे अशी परिस्थिती नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्या बाजारात गाड्या सोडून बसलेले आहेत. मला आज त्या बाजारातील एकच गोष्ट हवी आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लिव्हरपूलला तिकडचा कापूस पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. भाव चढले तशी लबाडीही चढली. मोकळा कापूस हातात घेता येतो, धागा ओढून पाहता येतो. पण आवळून बांधलेली गठाण फोडल्याशिवाय तिच्या पोटात काय आहे हे कळत नाही. ओला कापूस, सरकी, माती, काय वाटेल ते त्यातून निघू लागले, आणि १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. पुढे १८७० साली जलंब-खामगाव हा लोहमार्गाचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला, गठाणी आणखी वेगाने दूर जाऊ लागल्या, आणि घेणाऱ्याचा प्रश्न मात्र तोच राहिला. जो माल मी आतून पाहू शकत नाही, त्याची जोखीम कोणाची?

'जोखीम' हा आपल्या व्यापारी भाषेतील जुना शब्द आहे. हुंड्यांच्या अनेक प्रकारांत 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे; वाटेत तारू बुडाले तर हुंडीही त्याच्याबरोबर बुडाली. म्हणजे हुंडी आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदाने होत. जोखीम नाहीशी करता येत नाही, पण ती कोणाच्या माथी आहे हे कागदावर ठरविता येते, हे आपल्या पेढीवाल्यांस पुरते ठाऊक होते.

आता मी ज्या मालाविषयी बोलणार आहे तो गठाणीहूनही अपारदर्शक आहे, आणि वर फुकट आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका छापखानदार मित्राने मला एक प्रश्न विचारला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी त्याची कामे. त्याच्या मुलाने सुचविले होते की, संगणकावरील विकतचे सॉफ्टवेअर सोडून मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे आणि देवनागरी अक्षरसंचही मुक्त परवान्याचे वापरावेत. मित्र मला म्हणाला, "अहो, फुकट आहे म्हणजे त्याचा मालक कोण? आणि उद्या मालक उगवला तर?" प्रश्न अगदी रास्त होता. मौज अशी की, हा प्रश्न विचारताना तो ज्या यंत्रासमोर बसला होता त्यावर विकतचे सॉफ्टवेअर होते खरे, पण ते त्याने विकत घेतलेले नव्हते. कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिले होते. त्या मालाचा मालक कोण हे जगजाहीर होते, त्याने परवानगी दिलेली नाही हेही उघड होते. पण त्याची भीती माझ्या मित्रास वाटत नव्हती. भीती वाटत होती ती ज्याने परवानगी लिहून दिली आहे त्या मालाची.

हा विनोद एकट्या त्याचा नाही. मोठमोठ्या कंपन्यांचा पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच आहे.

प्रथम माल काय आहे ते पाहू. संगणकाच्या प्रत्येक आज्ञावलीला दोन रूपे असतात. एक माणसाने लिहिलेले व माणसाला वाचता येणारे, म्हणजे मूळ संहिता. दुसरे यंत्राला कळणारे, जे आपण विकत घेतो. विकणारा सहसा दुसरेच देतो, पहिले तिजोरीत ठेवतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनी १९८३ साली जाहीर केले की आपण एक संपूर्ण कार्यप्रणाली लिहू आणि ती मूळ संहितेसह सर्वांस देऊ. पण नुसते देऊन टाकले तर कोणी ते उचलून, दोन ओळी बदलून, कुलूप लावून विकेल ही धास्ती होती. म्हणून १९८९ साली त्यांनी एक परवाना लिहिला आणि १९९१ च्या जूनमध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. तिचे नाव 'जनरल पब्लिक लायसन्स', आणि व्यवहारात 'जीपीएल'. तिचा आशय थोडक्यात असा: वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा, मात्र दुसऱ्याला द्याल तेव्हा मूळ संहितेसह आणि याच अटींवर द्या. त्याच १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' नावाचा गाभा लिहिला. त्याच्या पहिल्या परवान्यात वाटपाचे पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्याने ती काढून जीपीएल स्वीकारली. व्यापाराला दार उघडले ते या एका बदलाने.

येथे एक बारकावा आहे, आणि जो व्यापारी तो समजून घेतो त्याची निम्मी भीती तेथेच जाते. अट वापरावर नाही, वाटपावर आहे. एखाद्या पतसंस्थेने आपल्या कार्यालयातील यंत्रावर लिनक्स चालविले, त्यात आपल्या सोयीचे बदल केले आणि ते बाहेर कोणालाही दिले नाहीत, तर जीपीएल तिच्याकडे काहीही मागत नाही. ती जेव्हा ते बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्या संस्थेस देते किंवा विकते, तेव्हा अट जागी होते. (२००७ साली याच घराण्यातला एक कडक परवाना आला. बदललेले सॉफ्टवेअर जाळ्यावरून लोकांस वापरू दिले तरी त्या वापरणाऱ्यांस मूळ संहिता देऊ करावी लागते, असे तो म्हणतो. गूगलसारखी कंपनी त्या परवान्याचा माल आपल्या आत येऊच देत नाही. पण तो परवाना वेगळा, आणि त्याचे नावही वेगळे आहे.)

बड्या कंपन्यांच्या मनात मात्र पहिली भीती बसली ती अटींची नव्हे, माझ्या मित्राचीच: मालक उगवला तर? आणि मालक खरोखरच उगवला. अमेरिकेच्या युटा राज्यातील एससीओ या कंपनीने मार्च २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला. लिनक्समध्ये आमच्या युनिक्सचा माल घुसविला आहे, असे तिचे म्हणणे होते, आणि मागणी होती किमान १ अब्ज डॉलरची, जी पुढे ५ अब्जांपर्यंत गेली. एवढ्यावर ती थांबली नाही. मे महिन्यात तिने जगातील सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांस पत्रे पाठविली की, लिनक्स वापराल तर तुम्हीही जबाबदार धरले जाल. ऑगस्टमध्ये भाव जाहीर केला: एका प्रोसेसरच्या सर्व्हरमागे ६९९ डॉलर, काही दिवसांनी १,३९९. जणू मंडईच्या दाराशी उभे राहून कोणी म्हणावे की, आत विकत घेतलेल्या प्रत्येक वांग्यामागे मला पैसे द्या, कारण बी माझे आहे. आणि कोणते बी, ते मात्र दाखवायचे नाही.

त्या वर्षी कंपन्यांनी जे केले ते फार शिकण्यासारखे आहे. कोणी घाबरून परवाना घेतला. ह्यूस्टनच्या अशा एका कंपनीच्या प्रमुखाने पुढे उघड सांगितले की पुन्हा आपण तसे करणार नाही. पण बहुतेकांनी जोखीम दुसऱ्याच्या माथी देण्याची वाट शोधली, आणि ती देणारे विक्रेतेही पुढे आले. सप्टेंबर २००३ मध्ये ह्यूलेट-पॅकर्डने आपल्या लिनक्स गिऱ्हाइकांस लिहून दिले की, एससीओने तुमच्यावर दावा केला तर तो आम्ही अंगावर घेऊ. जानेवारी २००४ मध्ये नोव्हेलने तशीच हमी दिली. रेड हॅटने सांगितले की काही आक्षेपार्ह निघाले तर तेवढा भाग आम्ही बदलून देऊ. आणि वापरणाऱ्यांच्या बचावासाठी १ कोटी डॉलरचा निधी उभारण्याची घोषणा झाली. ही जोखमी हुंडीच झाली. सॉफ्टवेअर फुकटच राहिले; गिऱ्हाईक पैसे मोजू लागले ते त्याच्यामागे कोणी उभे आहे यासाठी. माझ्या मते मुक्त सॉफ्टवेअरचा धंदा प्रौढ झाला तो या वर्षात. त्याआधी तो हौशी मंडळींचा कारखाना होता.

मार्च २००४ मध्ये एससीओने थेट वापरणाऱ्या दोन कंपन्यांस कोर्टात खेचले. त्यांतील डेमलरक्रायस्लरकडे तिने जुन्या युनिक्स कराराच्या पालनाचा दाखला मागितला होता. उत्तर आले की ते सॉफ्टवेअर आम्ही सात वर्षांहून अधिक काळ वापरलेलेच नाही. जुलैत न्यायाधीशांनी दाव्याचा बहुतेक भाग फेटाळला. उरले ते एवढेच की, उत्तर द्यायला उशीर का केला! इकडे नोव्हेलने आक्षेप घेतला की, युनिक्सचा कॉपीराइट आम्ही एससीओला विकलेलाच नाही. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीशांनी ते मान्य केले, सप्टेंबरात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला, अपिलात तो निर्णय फिरला, आणि २०१० च्या मार्चमध्ये ज्यूरीने पुन्हा नोव्हेलच्याच बाजूने कौल दिला. मालकीहक्काचा दाखला मागत जो दारोदार फिरत होता, त्याच्याच हाती दाखला नव्हता. आयबीएमविरुद्धचा मूळ दावा २०२१ साली १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरांवर मिटला. आणि ज्याने मूळ मागणी पाहिली आहे त्याला हा आकडा वाचून हसू येईल.

मग जोखीम नव्हतीच काय? होती, पण दुसऱ्याच दाराने येत होती. आणि हे दार अगदी स्वच्छ, सर्वांना दिसेल असे होते. त्यावर पाटी होती, आणि पाटीवर अटी लिहिलेल्या होत्या. लोकांनी पाटीच वाचली नाही.

२००३ सालीच सिस्कोने लिंक्सिस ही कंपनी विकत घेतली. लिंक्सिसचा घरगुती राउटर धडाक्यात खपत होता, आणि आत लिनक्स होते. पण मूळ संहिता गिऱ्हाइकास दिलेली नव्हती. लिंक्सिसने चिप घेतली होती ब्रॉडकॉमकडून, आणि सॉफ्टवेअर त्या चिपबरोबर आले होते. अडत्याने अडत्याकडून घेतलेली ही गठाण, आत काय आहे हे विकत घेणाऱ्या सिस्कोने फोडून पाहिले नाही. ओरड झाल्यावर संहिता प्रसिद्ध करावी लागली. तिच्यातून हौशी लोकांनी 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा केला, आणि आज अनेक राउटर त्यावर चालतात. सिस्कोने तरीही पुरते शहाणपण घेतले नाही. डिसेंबर २००८ मध्ये तिच्यावर दावा झाला आणि २००९ च्या मेमध्ये समेट होऊन, अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी खास अधिकारी नेमण्याचे तिने कबूल केले. तिकडे जर्मनीत हाराल्ड वेल्टे या लिनक्सच्या एका लेखकाने म्युनिकच्या कोर्टातून सिटकॉम या कंपनीविरुद्ध २००४ मध्येच मनाईहुकूम मिळविला होता. आणि फ्रान्समधील ऑरेंजचे उदाहरण तर ताजे आहे. सरकारी कामाच्या एका निविदेत तिने जीपीएलखालील ग्रंथालय वापरले, त्याच्या लेखक कंपनीने २०११ मध्ये दावा लावला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने ऑरेंजला ५ लाख युरोंहून अधिक भरपाई द्यावयास लावली. परवाना विकतही मिळत होता, आणि फुकट हवा असेल तर अटी पाळणे एवढेच मोल होते.

या सर्व खटल्यांत मला स्वतःला सर्वांत आवडणारा खटला खेळण्यातल्या आगगाडीचा आहे. बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन यांना छोट्या आगगाड्यांचा नाद. त्या चालविण्याचे सॉफ्टवेअर त्यांच्या मंडळाने लिहिले आणि 'आर्टिस्टिक लायसन्स' या सौम्य परवान्याखाली दिले. अट एवढीच की आमची नावे ठेवा, आणि काय बदलले ते सांगा. कॅट्झर नावाच्या व्यापाऱ्याने आधी आपल्या पेटंटचा हवाला देऊन जेकबसन यांनाच दोन लाख डॉलरांहून अधिक रकमेचे बिल पाठविले! मागाहून बाहेर आले की, त्याच्याच विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये या मंडळाच्या फायली नावे पुसून घातल्या होत्या. खालच्या कोर्टाचे म्हणणे पडले की परवान्याच्या शर्ती मोडल्या असतील तर तो फार तर करारभंग; आणि ज्या मालाला किंमतच नाही त्याच्या करारभंगाची भरपाई ती किती? १३ ऑगस्ट २००८ रोजी अपील न्यायालयाने हे उलटविले. पैसे मागितले नाहीत म्हणून हक्क सोडला असे होत नाही, नाव आणि लौकिक यांनाही मोल आहे. आणि अट मोडली की परवानगीच संपते, मग उरते ती कॉपीराइटची चोरी, असे त्यांनी ठरविले. २०१० मध्ये तडजोड होऊन कॅट्झरने १ लाख डॉलर द्यावयाचे ठरले. खेळण्यातल्या गाडीच्या या खटल्याने बड्या कंपन्यांच्या वकिलांची झोप उडाली, कारण आतापर्यंत 'फुकट परवाना कोर्टात टिकणार नाही' ही त्यांची गुप्त आशा होती.

आता आपल्याकडे येऊ. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली 'वाङ्मयकृती'त मोडते. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात ६३-ब हे कलम आले: चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकते. धंद्यासाठी वापर असेल तर काय, हे माझ्या छापखानदार मित्रास मी वाचून दाखविले तेव्हा तो बराच वेळ पंख्याकडे पाहत होता.

मुक्त परवान्याविषयी मात्र आपल्या कायद्यात एक खराखुरा पेच आहे, आणि तो परदेशी पुस्तकांत सापडत नाही. याच कायद्याचे १९ वे कलम म्हणते की, हक्क दुसऱ्यास देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजावा. आणि ३०-अ कलमाने हा नियम योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतो. जीपीएलच्या १९९१ च्या आवृत्तीत मुदतीचा शब्द नाही. मग सहाव्या वर्षी काय? २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत, कॉपीराइट असेतोपर्यंत हक्क दिला आहे आणि अटी पाळल्यास तो मागे घेता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. लिनक्सचा गाभा अजून दुसऱ्या आवृत्तीखालीच आहे. माझ्या समजुतीने हा पेच व्यवहारात फारसा बोचणारा नाही, कारण ज्याने जगाला खुले आमंत्रण दिले आणि ते रोज नव्याने देतो आहे, त्याने एकट्या भारतातील पतसंस्थेस पाच वर्षांनी हुसकून लावावे हे संभवत नाही. शेजाऱ्याने बांधावरून वाट दिली, कागदावर मुदत लिहिली नाही, म्हणून तो लगेच काटेरी कुंपण घालतोच असे नाही. पण घालणारेही असतात, हे या जिल्ह्यात मी सांगावयास नको! तेव्हा ज्याचा सारा धंदा एका सॉफ्टवेअरवर उभा आहे त्याने परवान्याची आवृत्ती पाहून घ्यावी.

दुसरी जोखीम अलीकडची आहे. मालक मरत नाही, उगवतही नाही. तो मन बदलतो. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये पुढील आवृत्त्यांचे परवाने बदलले. जुनी प्रत जुन्याच अटींवर राहते, ती काढून घेता येत नाही. म्हणून लोकांनी जुन्या प्रती उचलून नवी रोपे लावली, रेडिसची 'व्हॅल्की', हॅशीकॉर्पची 'ओपनटोफू'. मोठ्या कंपनीस हे जमते. दोन कारकुनांच्या कार्यालयास रोप लावता येत नाही. त्याने नुसते कोणते रोप धरले ते कळले पाहिजे.

भारत सरकारने २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी धोरण ठरविले की, मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, आणि ते नाकारायचे तर कारण द्यावे. म्हणजे खुलासा देण्याची पाळी आता दुसऱ्या पक्षावर आली. ज्या मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती, तिनेच २०१८ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी वखार जी गिटहब, ती ७५० कोटी डॉलरांस विकत घेतली. आणि गठाणीच्या पोटात काय आहे याची यादी मालाबरोबर द्यावी, ही खामगावच्या खरेदीदाराची जुनी मागणीही परत आली आहे: सरकारच्या 'सर्ट-इन' संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची अशी यादी कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

छापखान्याचे पुढे काय झाले, हे आपण विचारालच. मित्राला सर्वांत जास्त काळजी अक्षरांची होती, आणि ती गैर नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेली 'लोहित' अक्षरमाला रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केली तेव्हा ती जीपीएलखाली होती. अक्षरे पीडीएफमध्ये गुंफली जातात. मग लग्नपत्रिकाही जीपीएलखाली आली काय, अशी शंका कोणीही काढावी! २०११ मध्ये लोहित 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली आली, आणि तो परवाना स्वच्छ सांगतो की, अक्षरे वापरून केलेल्या कागदावर आमची अट नाही. मुंबईच्या एक टाइपची 'मुक्ता' आणि 'बालू' ही अक्षरेही त्याच परवान्याची आहेत. अटी दोनच महत्त्वाच्या: नुसता अक्षरसंच सुटा विकू नये, आणि ज्या संचाचे नाव राखून ठेवलेले असेल तो बदलून त्याच नावाने पुढे देऊ नये.

मित्राने परवाना वाचला, आणि वाचता वाचता त्याला आठवले की त्याच्या जुळाऱ्याने अशाच एका संचात 'ल' आणि 'श' यांची हिंदी वळणे काढून मराठी वळणे बसविली होती, आणि तो संच मूळ नावानेच अकोल्याच्या एका छपाईवाल्याकडे पाठविला होता. त्याने जुळाऱ्यास बोलावून संचाचे नाव बदलावयास सांगितले, परवान्याची फाइल सोबत जोडली आणि अकोल्याला फोन लावला की आधीचा संच पुसून हा घ्या. नवे नाव त्याने आपल्या नातीचे ठेवले आहे.